गुहेचा मालक कोण? मॅमथ केव्ह, एक गुलाम वाटाड्या आणि जमिनीखालचा बांध

१/ १९२९ साली अमेरिकेतील केंटकी राज्याच्या अपील न्यायालयापुढे एक विलक्षण प्रकरण आले. एडवर्ड्स नावाच्या गृहस्थाच्या जमिनीत एका सुंदर गुहेचे तोंड होते. त्याने आत पायवाटा केल्या, जवळ हॉटेल बांधले आणि तिकीट लावून प्रवासी आत नेण्यास प्रारंभ केला. गुहेचे नाव ग्रेट ऑनिक्स केव्ह. काही वर्षांनी शेजारचा जमीनमालक ली न्यायालयात गेला. त्याचे म्हणणे असे, की या गुहेचा सुमारे एक तृतीयांश भाग माझ्या जमिनीखाली आहे, तेव्हा तेवढ्या उत्पन्नावर हक्क माझा.

२/ लीच्या जमिनीतून त्या गुहेत उतरण्यास उंदीर जाईल एवढी वाटही नव्हती. आपल्या पायांखाली काय आहे हे त्याला स्वतःला कधीही पाहता आले नसते. तरीही खालच्या न्यायालयाचे न्यायाधीश सिम्स यांनी गुहेची मोजणी करण्याचा हुकूम दिला आणि एडवर्ड्स तो रोखण्यासाठी वर धावला. अंधाराला मालक असतो काय, आणि असल्यास तो वरचा की आतला, हा प्रश्न अशा रीतीने अपील न्यायालयाच्या मेजावर येऊन पडला.

३/ या प्रकरणाचा निकाल पुढे येईलच. वाचकहो, धागा लांब आहे, सवडीने वाचा. पण माझे मत आरंभीच मांडतो. केंटकीच्या गुहांचा इतिहास सहसा दोन प्रकारे सांगितला जातो. एक : लोभी खासगी मालकांनी गुहांचा बाजार मांडला, अखेर सरकारने राष्ट्रीय उद्यान करून त्या वाचवल्या. दुसरा : कष्टाळू शेतकऱ्यांनी गुहा शोधल्या आणि सरकारने त्या हिसकावल्या. दोन्ही कथांत तथ्य आहे. तथापि दोन्ही कथा ‘मालक खासगी की सरकारी’ एवढ्याच प्रश्नाभोवती फिरतात, आणि गुहा प्रत्यक्ष ज्यांनी जाणली ती माणसे दोहोंतून निसटतात.

४/ प्रथम एक खुलासा. आपल्याकडे ‘गुहा’ म्हटले की मनात अजिंठा-वेरूळ येते. परंतु ती लेणी होत, म्हणजे माणसाने कातळ कोरून घडवलेली वास्तू. येथे विषय निसर्गनिर्मित गुहांचा आहे. केंटकीच्या या भागात चुनखडकाचे जाड थर असून त्यांवर वालुकाश्माचे छप्पर आहे. हवेतील आणि मातीतील कर्बवायू शोषून किंचित आम्ल झालेले पाणी लाखो वर्षे चुनखडकाच्या भेगांतून झिरपते, खडक विरघळवते आणि भेगांची भुयारे होतात. वरचे वालुकाश्म पाणी अडवते, म्हणून खालचे कोरडे बोगदे टिकून राहतात.

५/ त्यातील सर्वांत प्रसिद्ध गुहा म्हणजे ग्रीन नदीच्या काठची मॅमथ केव्ह. ‘मॅमथ’ हे नाव आकारामुळे पडले, त्या केसाळ हत्तीशी त्याचा काही संबंध नाही. गौरवर्णीय वसाहतवाले येथे येण्याच्या हजारो वर्षे आधी मूळ रहिवासी वेताच्या मशाली घेऊन या गुहेत मैलोगणती आत जात आणि भिंतींवरील क्षार खरवडून नेत. त्यांच्या विझलेल्या मशालींचे तुकडे आजही आत सापडतात. त्यामुळे ‘गुहेचा शोध अमुक शिकाऱ्याने लावला’ हे वाक्य कुठे वाचलेत तर किंचित हसून पुढे जावे. १८१९ मध्ये जॉन स्मिथने अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यातील खांबावर आपले नाव कोरले आणि तो अजिंठ्याचा ‘शोधकर्ता’ झाला, त्यातलाच हा प्रकार.

६/ मॅमथ केव्हचे पहिले व्यापारी मोल सौंदर्यासाठी नव्हते, सोऱ्यासाठी होते. १८१२ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांच्यात युद्ध पेटले, समुद्रमार्गे येणारी बंदुकीची दारू अडली आणि गुहेतील मातीला एकाएकी भाव आला. या मातीत नायट्रेट असते. ती लाकडी हौदांत भरून वर पाणी सोडायचे, क्षार विरघळलेले ते पाणी गोळा करायचे आणि त्यापासून सोरा करायचा. पाणी नेण्यासाठी झाडांचे सरळ ओंडके आरपार पोखरून त्यांच्या नळ्या केल्या होत्या. ते हौद आणि त्या नळ्या आजही गुहेत जागच्या जागी आहेत.

७/ हे काम कोण करीत होते? सुमारे सत्तर गुलाम. दिव्याच्या धुरात, थंड अंधारात, माती खणणे आणि वाहणे. युद्ध संपले, सोऱ्याचा भाव कोसळला आणि मालकांना गुहेचा दुसरा उपयोग सुचला : लोकांना दाखवणे. १८१६ च्या सुमारास येथे पाहुण्यांना आत नेण्यास सुरुवात झाली. पैसे देऊन पाहण्याच्या अमेरिकेतील सर्वांत जुन्या गुहांमध्ये तिची गणना होते.

८/ १८३८ मध्ये फ्रँकलिन गोरिन नावाच्या वकिलाने ही गुहा विकत घेतली. वाटाड्या म्हणून त्याने आपल्या मालकीचा एक मुलगा तेथे आणला. वय अवघे सतरा, नाव स्टीफन बिशप. गुहेचा तोपर्यंत माहीत असलेला मार्ग एका खोल विवराशी येऊन थांबत असे. त्याला ‘बॉटमलेस पिट’, म्हणजे अथांग खड्डा, म्हणत. त्याच वर्षी बिशप त्या विवरावर आडवा आधार टाकून, तेलाचा दिवा सांभाळत, पलीकडे गेला.

९/ हे दृश्य थोडा वेळ डोळ्यांसमोर आणा. खाली किती खोल आहे ते माहीत नाही, पलीकडे काय आहे ते माहीत नाही, दिवा विझला तर परतीची वाट नाही. पलीकडे बिशपला मैलोगणती नवी भुयारे सापडली. आणखी खाली त्याला नद्या सापडल्या. त्या काळ्या पाण्यात डोळेच नसलेले पांढुरके मासे होते. ते मासे पुढे युरोप-अमेरिकेतील निसर्गशास्त्रज्ञांच्या चर्चेचा विषय झाले. गुहेची ज्ञात लांबी थोड्याच काळात जवळपास दुप्पट झाली.

१०/ आणि लांबीबरोबर किंमतही वाढली. १८३९ मध्ये गोरिनने गुहा लुईव्हिलचे डॉक्टर जॉन क्रोगन यांना दहा हजार डॉलरला विकली. व्यवहारात गुहा होती, इमारती होत्या आणि स्टीफन बिशपही होता. ज्याने गुहा ‘मोठी’ केली तो त्याच गुहेसोबत, एकाच खरेदीखतात, हातबदल झाला. या संपूर्ण धाग्यातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ती ही ठेवा, कारण १९२९ च्या निकालाकडे मी याच खरेदीखतातून पाहणार आहे.

११/ १८४२ मध्ये क्रोगन यांनी बिशपला लुईव्हिलजवळच्या आपल्या वाड्यावर नेले आणि तेथे त्याच्याकडून गुहेचा नकाशा काढून घेतला. जवळ मोजणीची वही नाही, होकायंत्राच्या नोंदी नाहीत. मैलोगणतीची वळणे, चढउतार आणि फाटे त्याने केवळ स्मरणातून कागदावर उतरवले. हा नकाशा १८४५ मध्ये एका प्रवासपुस्तकासोबत प्रसिद्ध झाला आणि त्यावर बिशपचे नाव छापले गेले. त्या काळात गुलामाच्या नावाने नकाशा छापला जाणे ही अपवादात्मक गोष्ट होती. पण छापील श्रेय आणि हक्क या दोन वेगळ्या वस्तू आहेत. नकाशाचा कर्ता या नात्याने त्याचे नाव कागदावर होते, आणि मालमत्ता या नात्याने ते दुसऱ्या एका कागदावर होते.

१२/ बिशप एकटा नव्हता. मॅट आणि निक ब्रॅन्सफर्ड या दोन गुलामांना त्यांच्या मालकाकडून वर्षाच्या भाड्याने गुहेवर आणले होते. भाडे मालकाला मिळे. या तिघांनी मिळून गुहेतील वाटाड्यांची एक परंपराच उभी केली. प्रवाशांकडून पैसे घेऊन मेणबत्तीच्या काजळीने छतावर त्यांची नावे लिहून द्यायची, हाही तेथील एक रिवाज होता. (आज आपण अशा खरडण्याला विद्रूपीकरण म्हणतो, आणि योग्यच म्हणतो. पण त्या नावांच्या गर्दीत या वाटाड्यांचीही नावे आहेत, आणि त्यांच्या हयातीचे असे पुरावे इतर कागदपत्रांत फारच थोडे. म्हणून मला त्यांबाबत कठोर होता येत नाही.)

१३/ खासगी मालकाच्या हाती निरंकुश सत्ता असली म्हणजे काय घडते, याचा एक नमुना १८४२ च्या हिवाळ्यात दिसतो. गुहेतील हवा वर्षभर एकसारखी असते आणि आतले लाकूड कुजत नाही, यावरून डॉ. क्रोगन यांनी अनुमान काढले की ही हवा क्षयरोग बरा करील. त्यांनी गुहेत दगडी आणि लाकडी झोपड्या बांधून पंधराएक रुग्णांना ठेवले. स्वयंपाकाचा आणि दिव्यांचा धूर कोंडून राही, सूर्याचे दर्शन नाही. रुग्ण खालावत गेले, काही आतच मरण पावले आणि काही महिन्यांत प्रयोग गुंडाळावा लागला. त्या दिवसांत तेथून जाणाऱ्या प्रवाशांना खोकण्याचे आवाज ऐकू येत. रुग्णांची सेवा आणि अन्नपाण्याची ने-आण अर्थातच गुलामांकडे होती. दोन दगडी झोपड्या अजून उभ्या आहेत.

१४/ १८४९ मध्ये क्रोगन स्वतः क्षयानेच गेले. त्यांच्या मृत्युपत्रात दोन तरतुदी होत्या आणि दोन्हींनी पुढचा इतिहास घडवला. पहिली : आपले गुलाम सात वर्षांनी मुक्त व्हावेत. त्यानुसार १८५६ मध्ये स्टीफन बिशप स्वतंत्र झाला. त्याला लायबेरियाला जायचे आहे, असे एका प्रवाशाने नोंदवून ठेवले आहे. १८५७ मध्ये, चाळिशीही न गाठता, तो वारला. कबरीवर दगड नव्हता. तो १८८१ मध्ये पिट्सबर्गच्या एका श्रीमंत पाहुण्याने बसवून दिला. दुसऱ्या कोणासाठी घडवलेला, मूळ नाव खोडलेला दगड होता तो. त्यावर मृत्यूचे साल १८५९ असे चुकीचे कोरले आहे.

१५/ दुसरी तरतूद अशी, की गुहा भाचरे-पुतण्यांच्या नावे विश्वस्तांकडे राहावी आणि त्यांच्यातील शेवटची व्यक्ती हयात असेतो ती विकली जाऊ नये. शेवटच्या वारसाचे निधन झाले १९२६ मध्ये! म्हणजे जगातील या प्रसिद्ध गुहेचे उत्पन्न सत्त्याहत्तर वर्षे अशा कुटुंबाकडे जात राहिले, ज्यातील बहुतेकांचा त्या अंधाराशी काही संबंध नव्हता. यामुळे गुहेचे तुकडे पडले नाहीत हे खरे, आणि त्याचे श्रेय त्या मृत्युपत्राला दिलेच पाहिजे. मात्र आसपासच्या डोंगराळ, नापीक जमिनीवर कसेबसे मका-तंबाखू पिकवणारे शेतकरी दररोज पाहत होते, की पर्यटकांचा पैसा आपल्या दारावरून एकाच तोंडाकडे वाहत चालला आहे.

१६/ मग त्यांनीही आपापल्या जमिनीत तोंडे शोधण्यास सुरुवात केली, आणि मोटारगाड्या आल्यावर ‘गुहायुद्धे’ पेटली. केव्ह सिटी या गावापासून मॅमथकडे जाणाऱ्या रस्त्यावर गुहामालकांचे दलाल उभे असत. डोक्यावर सरकारी वाटेल अशी टोपी. मोटार आली की अडवायची, प्रसंगी धावत्या गाडीच्या पायरीवर चढायचे आणि सांगायचे, ‘मॅमथ आज बंद आहे, पाणी भरले आहे, आमची गुहा पाहा.’ एकमेकांचे फलक उपटणे, लवणस्तंभ फोडणे, अफवा पसरवणे असे सारे चालले होते. कोकणच्या किनाऱ्यावर गाडीमागे धावणारे हॉटेलांचे एजंट आठवले तर चित्र पूर्ण होईल.

१७/ यात सर्वांत धूर्त जॉर्ज मॉरिसन. त्याने ताडले की मॅमथ गुहा क्रोगन कुटुंबाच्या जमिनीच्या हद्दीबाहेरही पसरली आहे. गुपचूप मोजण्या करून त्याने हद्दीबाहेरचा नेमका भाग हेरला, तेथील जमीन मिळवली, सुरुंग लावून खाली उतरला आणि १९२१ मध्ये मॅमथ केव्हचे ‘नवे प्रवेशद्वार’ उघडले. एका गुहेला दोन प्रतिस्पर्धी मालक झाले. शेतात बांध कोरणारे भाऊबंद आपल्याला ठाऊक आहेत. येथे बांध जमिनीखाली होता आणि तो कोरण्यास सुरुंग लागत होता.

१८/ याच युद्धात फ्लॉइड कॉलिन्स सापडला. हे नाव तुमच्यापैकी अनेकांनी ऐकले असेल. १९१७ मध्ये त्याने कुटुंबाच्या शेतात ‘क्रिस्टल केव्ह’ शोधली. ती अत्यंत देखणी होती. पण शेत मुख्य रस्त्यापासून फार आत होते, दलालांच्या सगळ्या टोप्या ओलांडून तेथवर कोण येणार? म्हणून रस्त्यालगत एखादे तोंड मिळावे यासाठी त्याने दुसऱ्याच्या जमिनीत, नफ्यात वाटा ठरवून, वाळूच्या खडकाखालची एक अरुंद फट पोखरण्यास घेतली. ३० जानेवारी १९२५ रोजी परतताना एक दगड निसटला आणि त्याचा पाय अडकला. नंतर वजन केले तेव्हा तो दगड बारा किलोच्या आसपास भरला.

१९/ पुढचे अडीच आठवडे साऱ्या अमेरिकेने श्वास रोखून धरला. लुईव्हिलच्या वृत्तपत्राचा विल्यम मिलर हा विशीतला, किरकोळ अंगाचा बातमीदार त्या फटीतून अनेकदा कॉलिन्सपर्यंत सरपटत गेला, त्याला अन्न भरवले, पाय सोडवण्याची खटपट केली आणि त्याच्याशी बोलून बातम्या लिहिल्या. पुढील वर्षी त्याला पुलित्झर पारितोषिक मिळाले. वर मैदानात हजारोंची जत्रा भरली. खाद्यपदार्थ, फुगे, सारे काही. ४ फेब्रुवारीला आतली वाट ढासळली. मग बाजूने पंचावन्न फूट खोल विहीर खणण्यात आली. १६ फेब्रुवारीला माणसे खाली पोहोचली तेव्हा कॉलिन्स मरण पावला होता.

२०/ या घटनेची कथा ‘माध्यमांचा तमाशा’ म्हणून सांगण्याची रूढी आहे. तमाशा झालाच. पण मला त्या तमाशापेक्षा आधीचा व्यवहार अधिक महत्त्वाचा वाटतो. केंटकीतील सर्वांत कुशल गुहाशोधक भर हिवाळ्यात एकटा त्या फटीत का शिरला? लोभाने, असे म्हणणे सोपे आहे. हाती अत्यंत सुंदर गुहा असूनही ती रस्त्यावर नव्हती, म्हणून शिरला. त्या बाजारात मोल गुहेला नव्हतेच, तोंडाच्या जागेला होते.

२१/ आणि मृत्यूनंतर? १९२७ मध्ये त्याच्या वडिलांनी क्रिस्टल केव्ह एका दंतवैद्याला विकली. नव्या मालकाने कॉलिन्सचे प्रेत कबरीतून काढून काचेच्या झाकणाच्या शवपेटीत घातले आणि गुहेत प्रवाशांच्या वाटेवर मांडले. १९२९ मध्ये ते चोरीला गेले. परत सापडले तेव्हा एक पाय नव्हता. पुढे ती पेटी साखळदंडाने बांधून ठेवली गेली. स्टीफन बिशप जिवंतपणी गुहेसोबत विकला गेला, फ्लॉइड कॉलिन्स मरणोत्तर तिचा भाग झाला. दोघांची परिस्थिती एकच होती असे मी अजिबात म्हणत नाही. कॉलिन्स स्वतंत्र होता, आपल्या मर्जीने आत उतरत होता. परंतु दोघांच्याही वेळी खरेदीदाराला गुहेइतकाच तो माणूसही हवा होता, हे विसरता येत नाही.

२२/ आता १९२९ च्या न्यायालयाकडे परत येऊ. बहुमताने जुने तत्त्व उचलून धरले : जो जमिनीचा धनी, तो वर आकाशापर्यंत आणि खाली पाताळापर्यंतचा धनी. मोजणी वैध ठरली. साखळ्या-पट्ट्या घेऊन मोजणीदार आत उतरले तेव्हा आढळले, की प्रवाशांना दाखवल्या जाणाऱ्या सुमारे ६,४५० फुटांपैकी २,०४८ फूट लीच्या जमिनीखाली आहेत. १९३६ मध्ये नफ्याचा तिसरा हिस्सा ली पक्षाला देण्याचे ठरले. तोवर ली हयात नव्हता, दावा त्याच्या मालमत्तेच्या व्यवस्थापकाने चालवला.

२३/ १९२९ च्या निकालात न्यायमूर्ती लोगन यांनी मात्र ठाम भिन्नमत नोंदवले. त्यांचा युक्तिवाद थोडक्यात असा : ज्या जागेत तुम्ही शिरू शकत नाही, जिचा तुम्हाला काहीही उपयोग नाही, तिचे तुम्ही धनी कसे? गुहा ज्याच्याकडे तिचे तोंड आहे त्याची, ज्याने ती शोधली, धोका पत्करला, खर्च केला आणि जगाला पाहण्याजोगी केली त्याची. अमेरिकेत मालमत्ता कायदा शिकणारे विद्यार्थी हे प्रकरण अजूनही अभ्यासतात आणि हे भिन्नमत अनेकांना मोहवते. साहजिक आहे. श्रमाला फळ मिळावे यासारखे न्याय्य दुसरे काय?

२४/ माझा लोगन यांना आक्षेप असा, की ते दोन वेगळ्या गोष्टी एक धरून चालतात. ‘ज्याने शोधली’ आणि ‘ज्याच्याकडे तोंड आहे’ हा एकच माणूस असतो, हे त्यांचे गृहीतक आहे. ग्रेट ऑनिक्सपासून थोड्याच मैलांवर, त्याच टेकड्यांत, नव्वद वर्षांपूर्वी काय झाले होते? शोधणारा बिशप होता, तोंड गोरिनकडे आणि मग क्रोगनकडे होते. कॉलिन्सने पोखरलेल्या त्या शेवटच्या फटीचे तोंडही दुसऱ्याचेच होते. लोगन यांचा नियम लागू केला असता तर त्यांच्याच शब्दांतला कष्टकरी शोधक रिकाम्या हाती राहिला असता आणि फळ गेले असते दरवाजाच्या धन्याकडे.

२५/ बहुमताचा नियम रुक्ष आहे, पण निदान त्याने श्रमाचे नाव घेऊन दरवाजाला बक्षीस दिले नाही. म्हणून दोहोंतून निवड करायचीच तर मी नाखुशीने बहुमताकडे जाईन. मात्र तोही नियम गुहेला लागू पडत नाही. सातबाऱ्याचे चौकोन पृष्ठभागावर आखलेले असतात, पाणी ते वाचून वाहत नाही. याचे उदाहरण जवळच आहे. हॉर्स केव्ह गावाच्या मधोमध ‘हिडन रिव्हर केव्ह’ १९१६ पासून प्रवाशांना दाखवली जात असे. गावाचे पिण्याचे पाणीही तिच्यातील नदीतून येई. आसपासच्या परिसराचे सांडपाणी जमिनीत मुरून त्याच नदीला मिळाले आणि दुर्गंधी इतकी वाढली की १९४३ मध्ये गुहा बंद करावी लागली. मालकाकडे कागद चोख होते. घाण मात्र त्याच्या हद्दीबाहेरून येत होती. नवी सांडपाणी व्यवस्था झाल्यावर १९९३ मध्ये, म्हणजे पन्नास वर्षांनी, ती पुन्हा उघडली.

२६/ तर मग सारी गुहा आणि वरची सारी जमीन एका हाती असावी, हा राष्ट्रीय उद्यानामागचा विचार मला तत्त्वतः पटतो. अमेरिकन संसदेने १९२६ मध्ये मंजुरी दिली आणि १ जुलै १९४१ रोजी मॅमथ केव्ह राष्ट्रीय उद्यान अधिकृतपणे स्थापन झाले. कॉलिन्सच्या मृत्यूने या मागणीला बळ मिळाले होते. पण उद्यानासाठी शेकडो शेतकरी कुटुंबांना घरे सोडावी लागली, काहींना सक्तीच्या भूसंपादनाने. शाळा गेल्या, वस्त्या पाडल्या गेल्या. चर्च आणि दफनभूमी तेवढ्या काही ठिकाणी उरल्या.

२७/ आणि वाटाडे? ब्रॅन्सफर्ड कुटुंब पिढ्यान् पिढ्या गुहेत काम करीत होते. त्यांच्यातील मॅट ब्रॅन्सफर्ड (त्या पहिल्या मॅटचा नातू) आणि त्याची पत्नी झेमी यांनी कृष्णवर्णीय प्रवाशांसाठी निवासस्थानही चालवले होते, कारण गुहेच्या हॉटेलात त्यांना प्रवेश नव्हता. ती जमीन उद्यानात गेली. राष्ट्रीय उद्यान सेवेने कारभार हाती घेतल्यावर या कृष्णवर्णीय वाटाड्यांपैकी कोणालाही नोकरीत घेतले नाही. शंभर वर्षांची परंपरा एका प्रशासकीय बदलात संपली. खासगी मालकांनी त्यांना राबवून घेतले होते, सरकारने त्यांना वगळले. ब्रॅन्सफर्डांचा वंशज पुन्हा वाटाड्या म्हणून गुहेत उतरला तो थेट २००४ मध्ये.

२८/ सरकारी ताबाही एका दिवसात पूर्ण झाला नाही. ग्रेट ऑनिक्स आणि क्रिस्टल केव्ह या दोन गुहा उद्यानाच्या पोटात असूनही खासगीच राहिल्या. १९६१ मध्ये सरकारने त्या विकत घेतल्या. फ्लॉइड कॉलिन्सची शवपेटी त्यानंतरही गुहेतच होती. १९८९ मध्ये तो एका चर्चच्या दफनभूमीत मातीआड झाला. मृत्यूनंतर चौसष्ट वर्षांनी.

२९/ दरम्यान काही हौशी संशोधक क्रिस्टल केव्हमधून आत-आत जात होते. एकेका टेकडीखालच्या ‘वेगवेगळ्या’ गुहा एकमेकींना जोडल्या जात होत्या. ज्या गुहांच्या मालकांनी रस्त्यावर टोप्या घालून भांडणे केली, त्यांतल्या कित्येक मुळात एकच होत्या. (याच मंडळींपैकी विल क्राउथर हा संगणकतज्ज्ञ. त्याने १९७० च्या दशकात या गुहेवर आधारित एक शब्दांचा संगणकीय खेळ लिहिला. आजच्या साऱ्या साहसी व्हिडिओ गेमचा तो पूर्वज.)

३०/ १९७२ च्या उन्हाळ्यात या चमूला एका चिखलाच्या, सरपटत जाण्याच्या भुयारात भिंतीवर खुणेचा बाण आणि ‘पीट एच’ ही अक्षरे दिसली. ती पीट हॅन्सनची होती. मॅमथ गुहेचा हा वाटाड्या १९३० च्या दशकात तेथवर येऊन गेला होता आणि पुढे दुसऱ्या महायुद्धात मारला गेला. म्हणजे पलीकडे मॅमथ असणार.

३१/ ९ सप्टेंबर १९७२ रोजी सहा जण त्या वाटेने पुढे गेले. भुयार पाण्यात उतरले, पाणी छातीपर्यंत आले, छत खाली आले. मग एकाएकी पुढे मोठी पोकळी उघडली आणि दिव्याच्या उजेडात लोखंडी कठडा दिसला. तो मॅमथ केव्हचा पर्यटकमार्ग होता. फ्लॉइड कॉलिन्सची गुहा आणि स्टीफन बिशपची गुहा एकच निघाली. आज तिची मोजलेली लांबी ६७५ किलोमीटरहून अधिक असून ती जगातील सर्वांत लांब ज्ञात गुहा आहे. ते सहा जण ज्या पाण्यातून चालत बाहेर आले ते एको नदीचे होते. बिशपच्या नकाशावर ती नदी १८४२ पासून आहे.